लीड्समधलं गार घर, उदबत्ती आणि गॅसचं बिल

थंडी पडायला लागली की ओळखीतलं कोणीतरी दरवर्षी विचारतंच, हीटर कोणता घेऊ रे, ऑइलवाला बरा की फॅनवाला, आणि मी दरवर्षी तेच सांगतो की थांब जरा, आधी घरात वारा कुठून येतोय ते बघ, हीटरचं नंतर बघू. समोरचा नाराज होतो कारण त्याला मॉडेल नंबर हवा असतो. तर म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, आम्ही काय काय केलं, कशाला किती गेले, कशाने खरंच फरक पडला आणि कशाने फारसा नाही.

घर लीड्समध्ये, लाल विटांचं, १९०० च्या आसपास बांधलेलं. रांगेतलं मधलं घर, म्हणजे डावीकडे उजवीकडे शेजारी चिकटलेले, पुढे रस्ता, मागे चिमूटभर अंगण आणि खाली तळघर. मधलं घर असणं हे थंडीच्या दृष्टीने नशीबच, कारण शेजारी त्यांचं घर तापवतात तेव्हा त्या दोन भिंतींतून आपली उष्णता काही जात नाही. पण पुढची आणि मागची भिंत म्हणजे नऊ इंची भरीव वीटकाम, मध्ये पोकळी नाही. इथे पोकळीवाल्या भिंती पहिल्या महायुद्धानंतर हळूहळू सर्रास झाल्या, त्यांच्यात भोकं पाडून नंतर इन्सुलेशन भरता येतं, आमच्या भिंतीत भरायला जागाच नाही. घराला इथे एनर्जी सर्टिफिकेट असतं, ए (सगळ्यात चांगलं) पासून जी पर्यंत, आमचं ई. घेताना आम्ही ते वाचलं होतं, पण उन्हाळ्यात दुपारी चार वाजता घर बघताना ई म्हणजे काय ते अंगाला कळत नाही.

नाशिकला थंडी नसते असं नाही हो. निफाडचा पारा दरवर्षी पेपरात येतोच. पण तिकडे सकाळी दहाला ऊन अंगावर येतं आणि विषय संपतो. इथे डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, दिवसभर ढग, ओल, आणि थंडी बाहेरून आत येत नाही तर घरातच मुक्कामाला असते, फरशीवर, भिंतीत, गादीत. घराबाहेर जॅकेट घालायचं हे ठीक आहे, पण आम्ही जॅकेट घालून टीव्ही बघत होतो.

पहिला हिवाळा आम्ही सरळ बॉयलर (गॅसवर पाणी तापवून ते घरभरच्या रेडिएटरमधून फिरवणारं यंत्र) पेटवून काढला, गॅस स्वस्त होता. मग २०२२ आलं. ऑगस्टमध्ये ऑफजेमने, म्हणजे इथल्या गॅस-विजेच्या नियामकाने, ऑक्टोबरपासूनचा कॅप (दराची कमाल मर्यादा) जाहीर केला, सर्वसाधारण घराला वर्षाला ३,५४९ पाउंड, आणि आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाच आकडा १,२७७ होता. सगळ्यांच्या पोटात गोळा. सरकारने मध्ये पडून तो २,५०० वर आणला आणि वर प्रत्येक घराच्या वीजखात्यात ४०० पाउंड सहा हप्त्यांत टाकले, महिन्याला ६६-६७ असे. आता गंमत अशी की आमच्या ओळखीत अर्ध्या लोकांना वाटलं २,५०० म्हणजे कितीही जाळा तेवढंच भरायचं! तसं नव्हतं. मर्यादा युनिटच्या (किलोवॅट-तासाच्या) दरावर होती, गॅस सुमारे १०.३ पेन्स आणि वीज ३४ पेन्स, आणि २,५०० हा आकडा वर्षाला १२,००० युनिट गॅस अधिक २,९०० युनिट वीज धरून काढलेला. आमचा गॅसच आदल्या वर्षी चौदा हजारांच्या आसपास होता. तेव्हा कागद-पेन घेऊन बसावं लागलं.

आमच्या घरात अजून एक भानगड होती. बायको हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळ्या असतात, म्हणजे ती दिवसा झोपते. मी ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि घरात दिवसभर एकच माणूस, वरच्या मागच्या खोलीत, तीही उत्तरेकडची. सगळे सांगतात सकाळ-संध्याकाळ टायमर लावा, दिवसा बंद ठेवा. आमच्याकडे दिवसाच गरज. त्यात त्या हिवाळ्यात आई यायची होती.

सुरुवात उदबत्तीने केली. म्हणजे विकत काही आणायच्या आधी. वारा सुटलेला दिवस बघायचा, सगळी दारं-खिडक्या लावायच्या, किचनचा आणि बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू करायचा म्हणजे घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत येते. मग उदबत्ती घेऊन कडेकडेने फिरायचं. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला की तिथे पेन्सिलने खूण. आई नुकतीच आलेली, ती सोफ्यावर गोधडी पांघरून बघत होती, म्हणाली, "देवापुढे लावायची ती तू दाराला काय ओवाळतोयस?" पण मग तिलाच मजा वाटायला लागली आणि निम्मं घर तिने तपासलं. तिचे गुडघे दुखतात तरी खालच्या पट्ट्यांपर्यंत वाकून. (स्मोक अलार्मजवळ जाऊ नका, शेजारी धावत येतात.)

काय निघालं? पुढच्या दाराचा पत्र टाकायचा झरोका, कुलपाचं भोक, दाराखालची करंगळी जाईल एवढी फट, किचनच्या सिंकखाली पाइप भिंतीतून बाहेर जातो तिथलं भोक, ते कोणीतरी पाडताना मोठं पाडलं आणि बुजवलंच नाही. माळ्यावर जायची झडप. भिंत आणि जमिनीच्या सांध्यातली लाकडी पट्टी, तिच्याखालून तर सलग. पण दोन ठिकाणी धूर नुसता आडवा नाही झाला, ओढलाच गेला. एक म्हणजे तळघराचं दार, किचनमधून खाली जातं ते. आणि दुसरं पुढच्या खोलीतली फायरप्लेस. बिडाची, नक्षीकाम वगैरे, दिसायला फार सुंदर, घर घेताना बायको तिच्याच प्रेमात पडलेली. त्यात विस्तव कधीच पेटवत नाही, पण वर धुराडं उघडंच. उदबत्ती जाळीजवळ नेली तर धुराची बारीक दोरी झाली आणि सरळ वर गायब. म्हणजे आम्ही खोली तापवत होतो आणि तापलेली हवा त्या धुराड्यातून चोवीस तास लीड्सला वाटत होतो.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड सुतार राहतात, पंचाहत्तरीचे असतील, जन्म याच गल्लीतला. त्यांना हे सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. धुराडं विटांनी बुजवू नकोस म्हणाले, आत ओल साठते, थोडी हवा खेळती राहिली पाहिजे. त्यासाठी मेंढीच्या लोकरीचा जाड गोल गठ्ठा मिळतो, दांड्याला लावलेला, तो खालून धुराड्यात सरकवून बसवायचा, लोकरीतून थोडी हवा जाते पण झोत थांबतो. फुग्यासारखा फुगवायचाही मिळतो. पंचवीस-तीस पाउंड लागले. दांडा खाली लोंबता ठेवायचा म्हणजे उद्या कोणी पेटवायला गेलं तर दिसेल. आणि हो, फायरप्लेसमध्ये गॅसची शेगडी किंवा लाकडाचा स्टोव्ह असेल तर हा उद्योग अजिबात करायचा नाही, त्याचा धूर जायला ती वाट लागतेच.

संध्याकाळी त्या खोलीत बसल्यावर पायाशी जो गार झुळझुळ वारा असायचा तो कमी झाला. थर्मामीटर एखाद दोन डिग्री जास्त दाखवत असेल, पण अंगाला त्याहून जास्त वाटलं, कारण वारा लागत असला की एकोणीस डिग्रीतही कुडकुडायला होतं आणि वारा नसला की अठरातही चालतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही आधी थर्मोस्टॅट बावीसवर नेऊन वाऱ्याशी भांडत होतो.

बाकीची भोकं बुजवायला एक शनिवार-रविवार आणि चाळीस-पन्नास पाउंड. झरोक्याला आतून ब्रशवाली झडप, कुलपाच्या भोकाला फिरती चकती, दाराखाली अॅल्युमिनियमची पट्टी ब्रशसकट, चौकटीला चिकटणारी रबरी पट्टी. फोमची पट्टी स्वस्त मिळते पण वर्षभरात चपटी होते, रबरीच घ्या. तळघराच्या दाराला पट्टी लावली आणि वरून जाड पडदा. सिंकखालच्या भोकाला सिलिकॉन. जमिनीच्या सांध्याला पांढरं सीलंट, ते बंदुकीने भरायचं आणि ओल्या बोटाने सारखं करायचं, हे काम मुलीने इतक्या मन लावून केलं की शेवटी तिला थांबवावं लागलं.

एक गोष्ट मात्र बुजवायची नाही म्हणजे नाही. या जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीदार विटा असतात, एअर ब्रिक म्हणतात, तळघराला जाळीची खिडकीही असते. थंडी तिथूनच येते असं वाटतं आणि कोणाकोणाने त्या सिमेंटने लिंपलेल्या मी बघितल्यात. पण खालची लाकडी तुळयांची जमीन त्या हवेमुळेच कोरडी राहते. त्या बुजवल्या की काही वर्षांत तुळया कुजतात आणि मग तुम्ही गॅसचं बिल विसरून जाता. वारा तळघरात येऊ दे, तळघरातून वर येता कामा नये, एवढंच.

खिडक्यांचं जरा किचकट. मागच्या खिडक्या कधीतरी वीस वर्षांपूर्वी कोणीतरी दुहेरी काचेच्या प्लास्टिकच्या बसवलेल्या, त्यांची रबरं कडक झालेली, ती बदलली की भागलं. पुढची मात्र मूळची लाकडी सॅश, वर-खाली सरकणारी, एकेरी काच, वारा आला की खडखड वाजणारी. नवीन बसवायचं कोटेशन मागवलं आणि वाचून शांतपणे ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्याऐवजी काचेवरची फिल्म. पातळ प्लास्टिक असतं, चौकटीला आतून चारी बाजूंनी डबल टेप लावायची, त्यावर फिल्म चिकटवायची, सुरुवातीला ती सुरकुतलेली, ढगळ, अगदी भिकार दिसते, बायको म्हणाली हे काढ आधी. मग हेअर ड्रायर घेऊन कोपऱ्यापासून फिरवत जायचं आणि डोळ्यादेखत ती आक्रसत जाते, एकेक सुरकुती सरते, शेवटी डफासारखी ताणून बसते, टिचकी मारली तर आवाज येतो. लांबून कळतही नाही. काच आणि फिल्ममध्ये हवेचा थर राहतो, तोच इन्सुलेशन. वाऱ्याच्या रात्री आमची फिल्म मध्यभागी आत फुगायची आणि परत बसायची, म्हणजे मागे खिडकीच्या सांध्यातून वारा येतोयच, तो फक्त आता खोलीत पोचत नाही. मग सांध्यालाही ब्रशची पट्टी लावली तेव्हा फुगणं थांबलं. लावायच्या आधी चौकट स्पिरिटने पुसा नाहीतर टेप दोन दिवसांत सुटते, आणि मार्चमध्ये काढताना थोडा रंग निघतो हे धरूनच चाला.

पडद्यांबद्दल एवढंच की जाड अस्तरवाला घ्या, सेकंडहँड दुकानात फार छान मिळतात, आणि तो रेडिएटरवर पडू देऊ नका. खिडकीखाली रेडिएटर असतो, त्याच्यावर लांब पडदा सोडला की गरम हवा पडद्यामागून काचेकडे जाते आणि खोली तशीच. खिडकीच्या फळीपर्यंत आखूड करून घेतला.

आता बॉयलर. ह्याला एक पैसा लागला नाही. आमचा कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणी आणि रेडिएटर दोन्ही एकाच यंत्रातून), कंडेन्सिंग, म्हणजे गॅस जळताना जी वाफ तयार होते ती आतच थंड करून तिचीही उष्णता वापरायची अशी त्याची करामत. पण ही करामत कधी चालते, तर रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असेल तेव्हाच. बसवणारा येतो, पाणी ७५-८० वर ठेवून जातो म्हणजे कोणी तक्रार करणार नाही, आणि मग परतीचं पाणी इतकं गरम असतं की वाफ तशीच बाहेर. त्या वर्षी इथे याबद्दल बराच प्रचारही झाला. समोरच्या पॅनेलवर दोन बटणं असतात, नळाच्या गरम पाण्याचं वेगळं आणि रेडिएटरचं वेगळं. रेडिएटरचं ५५ वर आणलं. (ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र टाकी ६० च्या खाली नेऊ नये, लीजिओनेला नावाचे जंतू वाढतात. कॉम्बीला टाकी नसते.)

आईने दुसऱ्या दिवशी रेडिएटरला हात लावला.

"अरे, हा तर कोमटच आहे. बंद पडला की काय?"

"नाही आई, मुद्दाम तसा ठेवलाय."

"मुद्दाम? एवढ्या थंडीत?"

तिला काही पटलं नाही, आणि तिचंही बरोबर, कारण आधी रेडिएटर चटका देईल असा गरम व्हायचा, अर्ध्या तासात खोली भट्टी, मग बंद, मग तासाभरात परत गार. आता तो कोमट राहतो पण जास्त वेळ चालतो आणि खोली सारखी राहते. सकाळी एक तास आधी सुरू करावा लागतो, तेवढं टायमरमध्ये बदललं. दिवसरात्र मंद चालू ठेवणं स्वस्त पडतं असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आमच्यासारख्या गळक्या घरात ते काही खरं नाही, आत-बाहेरच्या तापमानात जितका वेळ फरक तितका वेळ उष्णता जाणारच, कोणी नसताना कशाला घालवा.

रेडिएटरची हवाही काढली. पन्नास पेन्सची पितळी किल्ली, वरच्या कोपऱ्यातला स्क्रू हलका फिरवायचा, फुस्स करत हवा निघते आणि मग काळं पाणी थुंकतो, खाली फडकं धरा, ते काळं पाणी कार्पेटवर पडलं तर जात नाही. वरच्या खोलीतला एक रेडिएटर वरून नेहमी गार असायचा तो तेवढ्यानेच सुधारला. ज्या खोल्या वापरात नाहीत तिथले रेडिएटरचे व्हॉल्व्ह (उष्णता कमी-जास्त करायचे, आकडे असलेले) एकवर. मागे चकचकीत फॉइल लावतात, तेही लावलं बाहेरच्या भिंतींच्या रेडिएटरना, पाच-सात पाउंडांचं काम, फरक मला तरी जाणवला नाही.

बायकोच्या दिवसाच्या झोपेचं गणित मात्र वेगळं करावं लागलं. दोन किलोवॅटचा फॅन हीटर तेव्हाच्या ३४ पेन्सने तासाला ६८ पेन्स खायचा, आठ तास म्हणजे साडेपाच पाउंड, एका झोपेचे! गॅसने तेवढीच उष्णता तिसऱ्या हिश्शात. म्हणून तिच्या खोलीचा व्हॉल्व्ह तीनवर, बाकी सगळ्या घराचे खाली, बॉयलर सकाळी ती येते तेव्हा दोन तास आणि दुपारी एकदा थोडा वेळ, आणि गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट. ते शंभर वॉटचं, तासाला साडेतीन पेन्ससुद्धा नाही. खोली सोळा-सतरावर असली तरी गादीत ऊब. हे एक यंत्र असं आहे की त्याला मी कोणालाही डोळे झाकून घे म्हणतो, तीसेक पाउंडांत मिळतं. संध्याकाळी सोफ्यावर पांघरायचंही तसंच एक घेतलं, ते आईने ताब्यात घेतलं आणि स्वतःची गोधडी वरून. डब्ल्यूएचओ मात्र खोली अठराच्या खाली जाऊ देऊ नये असं सांगतं, आणि लहान बाळ किंवा फार वृद्ध माणूस असेल तर त्याहूनही जास्त लागू शकतं, आई असताना आम्ही तिची खोली एकोणीसला ठेवली, तिथे काटकसर नाही.

आईने मध्ये एकदा सुचवलं की कोळशाची शेगडी आण, तिच्या लहानपणी माळ्यावर असायची. कार्बन मोनॉक्साइडचं तिला समजावून सांगितलं, बंद खोलीत शेगडी म्हणजे झोपेतच माणूस जातो, वास नाही की काही नाही. शेजारच्या सुतार आजोबांनीही तोच मुद्दा मांडला, बॉयलर असलेल्या प्रत्येक घरात सीओ अलार्म हवाच. वीस पाउंड.

मग आली ओल. येणारच होती, आजोबांनी आधीच बजावलेलं. घर गळकं असतं तेव्हा आतली वाफ वाऱ्याबरोबर बाहेर जात असते, फटी बुजवल्या की ती काचेवर आणि गार भिंतीवर बसते. आणि आपल्या घरात वाफ किती! कुकरच्या शिट्ट्या, पोळ्या, चहा दिवसातून चारदा, वर रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे. सकाळी खिडकीच्या फळीवर पाणी साचलेलं आणि बायकोच्या खोलीतल्या कपाटामागे, बाहेरच्या भिंतीवर, काळ्या ठिपक्यांची बुरशी. दहा पाउंडांचं आर्द्रता मोजायचं यंत्र आणलं तर सत्तर-पंच्याहत्तर टक्के. पन्नास-साठच्या मध्ये हवी.

स्वयंपाक करताना किचनचं दार बंद आणि एक्झॉस्ट चालू, कुकर उतरवल्यावरही दहा मिनिटं. आंघोळीनंतर तेच. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं म्हणजे मागे हवा खेळते. सकाळी सगळ्या खिडक्या पाच-सात मिनिटं सताड उघडायच्या, हे आईला वेडेपणा वाटायचा, एवढं सगळं बुजवलंस आणि आता उघडतोस! पण तेवढ्यात हवा बदलते, भिंती-फर्निचर थोडंच गार होतं. आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र. हा खर्च मोठा, दीडशेच्या वर, पण आमच्यासाठी वसूल. साधारण दोनशे वॉट, तेव्हाच्या दराने तासाला सात पेन्स, कपडे एका छोट्या खोलीत वाळत घालून दार लावून तो चालू ठेवायचा, रात्रीतून वाळतात, टाकीत दोन-दोन लिटर पाणी, आणि खाल्लेली वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. फार गार खोलीत, पंधराच्या खाली, कॉम्प्रेसरवाला नीट चालत नाही, तिथे दुसऱ्या प्रकारचा घ्यावा लागतो, तो वीज जास्त खातो.

त्याच डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली, दुसऱ्या आठवड्यात, सगळ्या इंग्लंडातच. एका पहाटे बॉयलरमधून गुळगुळ आवाज, चूळ भरल्यासारखा, आणि बंद. स्क्रीनवर एरर कोड. हेल्पलाइनला तासभर गाणं ऐकलं. तोवर आजोबांना बाहेर बर्फ झाडताना पाहून विचारलं, ते हसले आणि माझ्या किचनच्या बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. बॉयलरमध्ये थंड झालेल्या वाफेचं पाणी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक पाइपने बाहेर गटारात जातं, तो पाइप गोठलेला. पाणी अडलं की बॉयलर स्वतःच बंद होतो. किटलीत पाणी गरम करून, उकळतं नाही, प्लास्टिक तडकतं, कोमटाहून थोडं जास्त, तपेलीने त्या पाइपवर ओतत राहिलो, चौथ्या-पाचव्या तपेलीला आतून बर्फाची कांडी सटकल्याचा आवाज आला. रीसेट दाबलं, चालू. नंतर त्यावर फोमची नळी चढवली, तीन पाउंड. त्या आठवड्यात ओळखीच्या तीन घरी मी तपेली घेऊन जाऊन आलोय.

माळ्यावरचं काम जानेवारीत, कारण तोवर पैसे जमले. वर चढून बघितलं तर जुनं पिवळं इन्सुलेशन, दबून दोन-तीन इंच राहिलेलं, आणि शिफारस आहे २७० मिलिमीटरची. म्हणजे तुळयांच्या मध्ये १०० आणि त्यावर आडवं १७०. खनिज लोकरीचे गुंडाळे आणले, घर छोटं म्हणून तीनशे पाउंडांच्या आत झालं, आणि या मालावर सरकारने २०२२ च्या एप्रिलपासून व्हॅट शून्य केलाय म्हणतात पण तो बसवून घेतलात तर, नुसता माल दुकानातून आणला तर व्हॅट लागतोच. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तरीही रात्रभर खाज. छताच्या खालच्या कडेला हवेसाठी फट सोडायची आणि इलेक्ट्रिक शॉवरची जाड वायर असेल ती लोकरीखाली पुरायची नाही, तापते. शेवटी झडपेच्या पाठीला थर्माकोलचा तुकडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या छपरांवर दव गोठलेलं तेव्हा आमच्याही छपरावर पहिल्यांदा तसंच पांढरं राहिलं, आधी आमचंच वितळायचं.

तळघरातून पुढच्या खोलीची जमीन खालून भरली ती त्या वसंतात. तुळयांमध्ये लोकरीचे पाट सारले आणि खालून बागेतली जाळी स्टेपल केली म्हणजे पडत नाहीत. प्लास्टिक लावायचं नाही, लाकूड घामेजतं. मान दुखते, डोळ्यात कचरा, पण पुढच्या हिवाळ्यात मुलगी त्या खोलीत मोज्यांशिवाय खेळायला लागली. पैशाच्या मानाने फरक बघाल तर माझ्या लेखी धुराडं पहिलं, ही जमीन दुसरी, फिल्म तिसरी.

भिंतींना हात लावलेला नाही. आतून इन्सुलेशन बसवायचं तर हजारोंचा खर्च, खोल्या चार-चार इंच लहान होणार, आणि नीट केलं नाही तर भिंतीत ओल अडकून तुळयांची टोकं सडतात. हीट पंपाला (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत आणणारं यंत्र) २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७,५०० पाउंडांचं अनुदान आहे, पण वीज गॅसच्या चौपट भावाने (२०२४ च्या ऑक्टोबरात गॅस सव्वासहा पेन्स, वीज साडेचोवीस) आणि घर हे असं, आम्ही बॉयलर मरेपर्यंत थांबणार.

वर्षाचा गॅस चौदा हजारांवरून साडेनऊ हजारांवर आला. त्यातलं थोडं श्रेय त्या वर्षीच्या हवामानाचं असेल, थोडं भीतीचं. सगळा खर्च धरून सातशे-साडेसातशे पाउंड गेले असतील, डीह्युमिडिफायर आणि माळा यातच निम्म्याहून जास्त. भाड्याच्या घरात असाल तर माळा-जमीन सोडून द्या, घरमालकाला लिहा, आणि दारं, धुराड्यातली लोकर, फिल्म, ब्लँकेट एवढंच करा, ते सगळं जाताना काढून नेता येतं. आणि फिल्मचं मोठं पाकीट घ्या, लहानात सॅश खिडकी बसत नाही आणि मध्ये जोड दिला की तिथेच सुटतं.